हलणारा पाय बधिर, आणि न हलणाऱ्या पायाला सगळं कळतं, हे कसं?

पत्र:

ताई, माझा दादा २९ वर्षांचा आहे. सात आठवड्यांपूर्वी तो उंचावरून पाठीवर पडला. रिपोर्टमध्ये डी टेन मणक्याचं फ्रॅक्चर आहे आणि हाडाचा तुकडा डावीकडून मज्जारज्जूत घुसला होता असं लिहिलंय. ऑपरेशन झालं, रॉड टाकलेत. डावा पाय तो अजिबात उचलू शकत नाही, उजवा बऱ्यापैकी हलतो. पाच दिवसांपूर्वी रात्री आईने त्याच्या पायांशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. डाव्या पायाला चटका बसला म्हणून तो ओरडला, मग आईने ती उजव्या पायाकडे सरकवली आणि तो शांत झोपला. सकाळी बघतो तर उजव्या पोटरीवर हा एवढा मोठा फोड! आई म्हणते, जो पाय गेलाय त्याला चटका कळतो आणि चांगल्या पायाला कळत नाही असं कधी असतं का, हा मनाने खचलाय म्हणून डावा पाय हलवत नाही. काका पण तेच म्हणतात, आणि ते स्टेम सेलचं कुठलं तरी पत्रक घेऊन आलेत. आजोबांना पॅरालिसिस झाला तेव्हा ब्लॉक मेंदूच्या डाव्या बाजूला होता आणि गेला उजवा हात-पाय. मग दादाला डावीकडे लागलं तर डावाच पाय कसा गेला? रात्री झोपेत तोच डावा पाय झटके मारतो, मग दिवसा का हलत नाही? आणि डॉक्टरांनी त्याची मागच्या जागेची बोट घालून तपासणी केली, त्यानंतर तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. ती खरंच गरजेची होती का?

उत्तर:

अगं, सगळ्यात आधी तो फोड, बाकीचं नंतर वाच. तो फोडू नका, घरातलं काहीही त्याच्यावर चोपडू नका आणि आजच डॉक्टरांना दाखवून घ्या, साधा फोड आहे बसेल आपोआप असं म्हणून थांबू नका. जिथे दुखणं कळत नाही तिथली जखम रेंगाळते, कारण आपल्याला कुठे लागलं की आपण नकळत ती बाजू जपतो, तिच्यावर भार टाकत नाही, कूस बदलतो, आणि दादाच्या त्या पोटरीच्या बाबतीत हे आपोआप होणारच नाहीये. पुढे कधी परत भाजलं तर लगेच नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरायचं, बर्फ लावायचा नाही. आणि ती पिशवी, हीटिंग पॅड, शेकायचं जे काही असेल ते त्याच्या खोलीतून आजच बाहेर काढ. आईला रागावू नकोस, तिने मायेनेच ठेवली होती, पण परत ठेवायची नाही.

आता तुझा मुख्य प्रश्न. दादा खोटं बोलत नाहीये आणि नाटकही करत नाहीये. मी वीसेक वर्षं न्यूरोच्या पेशंट्सची फिजिओथेरपी करतेय, तुझं पत्र निम्मं वाचून झालं तेव्हाच मला हे काय आहे ते लक्षात आलं, कारण तू जे लिहिलंयस ते अगदी तसंच्या तसं आमच्या पुस्तकांत असतं. आणि गंमत बघ, तुमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणजे दादालाही नव्हतं, मग जे माहीतच नाही त्याचं सोंग तो घेणार कसं? कुणाला खोटंच वागायचं असेल तर तो सरळ एक पाय मेला म्हणून सांगेल, हलतही नाही आणि कळतही नाही असं. हलणं एका पायाचं जाणं आणि चटका दुसऱ्या पायाचा जाणं ही अक्कल कुणी घरी बसून लढवत नाही.

यातलं कारण समजून घे म्हणजे आईला नीट सांगता येईल. हालचालीचा निरोप मेंदूतून निघतो. साधारण कानाच्या वरपासून डोक्याच्या मध्यापर्यंत मेंदूचा एक पट्टा आहे, तिथून तो निरोप खाली यायला लागतो आणि मेंदूचं देठ जिथे मानेत उतरतं तिथे, अगदी शेवटी शेवटी, त्यातले बहुतेक तंतू बाजू बदलतात, दहातले जवळपास नऊ. डावीकडचे उजवीकडे जातात, उजवीकडचे डावीकडे. त्यानंतर मात्र ते ज्या बाजूला आले त्याच बाजूने मज्जारज्जूतून सरळ खाली उतरतात. आजोबांचा ब्लॉक या ओलांडण्याच्या जागेच्या वर होता, म्हणून डावीकडे बिघडलं आणि उजवीकडचं गेलं. दादाची इजा त्या जागेच्या बरीच खाली आहे, निरोप तिथे पोचेपर्यंत बाजू बदलून झालेली असते, म्हणून डावीकडे लागलं आणि डावाच पाय गेला. तुझ्या आजोबांचं आणि दादाचं दोघांचंही एकाच नियमाने झालंय, फक्त एकाची इजा वरची आणि एकाची खालची. (डोक्याला एका बाजूला मार लागला तर झटके दुसऱ्या बाजूला येतात हे तर हिपोक्रेटिसच्या काळातल्या ग्रीक वैद्यांनीही लिहून ठेवलंय, का येतात ते त्यांना माहीत नव्हतं तरी निरीक्षण बरोबर होतं.)

हे झालं वरून खाली येणाऱ्या निरोपाचं. पायाकडून मेंदूकडे वर जाणारे जे निरोप आहेत, स्पर्श, दुखणं, गरम-थंड, ते सगळे एका वाटेने जात नाहीत, आणि दादाचं सगळं कोडं इथेच आहे. दुखणं आणि गरम-थंड यांचे निरोप मज्जारज्जूत शिरल्या शिरल्या, फार तर एकदोन मणक्यांएवढं वर चढून, तिथेच बाजू बदलतात आणि समोरच्या बाजूने वर जातात. म्हणजे उजव्या पायाला चटका बसला तर तो निरोप कमरेच्या आसपासच डावीकडे येतो आणि डावीकडून वर चढायला लागतो, आणि दादाची डावी बाजूच तर तिथे चेपली गेलीय. झालं, निरोप तिथेच अडकला. डाव्या पायाचा चटका मात्र आधीच उजवीकडे गेलेला असतो, ती बाजू शाबूत आहे, म्हणून तो मेंदूपर्यंत पोचतो आणि दादा ओरडतो.

मज्जारज्जूची अशी एकच बाजू दुखावली की हे असं होतं, हे ब्राउन-सेकार नावाच्या मॉरिशसमध्ये जन्मलेल्या डॉक्टरने १८५० च्या सुमारास प्रयोगांतून दाखवून दिलं, आणि आजही त्याच्याच नावाने ते ओळखलं जातं. पुढच्या व्हिजिटला विचार, फाइलमध्ये हे नाव बहुतेक कुठे तरी लिहिलेलं असेल. पुस्तकात असतं तितकं चोख मात्र कमी लोकांत सापडतं, बहुतेकांना थोडी या बाजूची थोडी त्या बाजूची अशी मिसळ असते, कारण हाड काही पट्टी लावून मज्जारज्जूचा बरोबर अर्धा भाग कापत नाही. ती जागा तरी केवढी, माणसाची मज्जारज्जू जेमतेम ४५ सेंटीमीटर लांब आणि करंगळीएवढी जाड, त्यात हे सगळे मार्ग एकमेकांना चिकटून.

आता मी तुला अशा दोन गोष्टी सांगते ज्या तू पत्रात लिहिलेल्या नाहीस, दादाला विचारून बघ. एक म्हणजे डाव्या बाजूला, साधारण बेंबीच्या पातळीला किंवा जरा खाली, पोटावरून पाठीकडे जाणारा एक अरुंद पट्टा असेल जिथे त्याला काहीच कळत नाही, स्पर्शही नाही. इजा बरोबर जिथे आहे तिथला तो पट्टा. (रिपोर्टमधलं डी टेन म्हणजे छातीच्या भागातल्या १२ मणक्यांपैकी दहावा, आणि बेंबीचं कातडं साधारण त्याच नंबरच्या नसेकडे असतं, मज्जारज्जू मणक्यांपेक्षा आखूड असल्याने थोडं खालीवर होतं.) दुसरी गोष्ट, त्याला डोळे मिटायला सांग, डाव्या पायाचा अंगठा दोन्ही कडांनी हलकेच धर, वरून-खालून दाबू नकोस नाहीतर दाबावरून कळतं, आणि हळूच वर कर किंवा खाली कर आणि विचार कुठे गेला. माझा अंदाज आहे की डाव्या अंगठ्याचं तो चुकीचं सांगेल, आणि उजव्याचं, म्हणजे ज्या पायाला चटका कळला नाही त्याच पायाचं, बरोबर सांगेल.

कारण सांधा कुठे वळलाय, पाय हवेत आहे की जमिनीवर, कंप जाणवतोय का, बारीक स्पर्श, हे निरोप मज्जारज्जूच्या मागच्या भागातून त्याच बाजूने थेट वर जातात आणि मेंदूच्या देठाशी पोचल्यावर मग बाजू बदलतात. डाव्या पायाची ही वाट दादाच्या बाबतीत बंद आहे. म्हणजे तो डावा पाय नुसता अशक्त नाहीये, तो पांघरुणाखाली कुठे पडलाय हे दादाला बघितल्याशिवाय कळत नाही. साधा हात लागला तर थोडंफार दोन्ही पायांना कळेल, कारण जाडाभरडा स्पर्श दोन्ही वाटांनी जातो, त्यामुळे नुसतं कापसाने हात फिरवून "कळतंय ना, मग ठीक आहे" असं कुणी म्हणालं तर ते पुरेसं नाही.

याचा चालण्याशी फार संबंध आहे म्हणून थांबून सांगते. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, मज्जारज्जूच्या मागच्या भागाला इजा, पायांत ताकद चांगली परत आलेली, दिवसा माझ्यासमोर सरळ चालायचे, आणि घरी मात्र पडायचे, तेही रोज साधारण त्याच वेळी. विचारत गेले तेव्हा कळलं की उभं राहून तोंडाला साबण लावताना पडतात. डोळे मिटले की पायांचा पत्ता गेला आणि तोल गेला, इतकं साधं होतं ते. आम्ही बाथरूममध्ये बसायला स्टूल ठेवलं, भिंतीला धरायला दांडा लावला, रात्री पायांवर पडेल असा छोटा दिवा लावला, पडणं थांबलं. तुझा दादा उभा राहायला लागेल तेव्हा त्यालाही पायाकडे बघत चालायला शिकवतील, आरशासमोर शिकवतील, आणि घरचे म्हणतील मान वर करून चाल की रे, तर तेव्हा तू त्यांना थांबव. त्याची नजर तेव्हा त्याच्या डाव्या पायाचं काम करत असते.

आजोबांचं थोडं राहिलं. त्यांचा पाय नंतर बराच सुधारला आणि हात, विशेषतः बोटं मागे राहिली, असं झालं असेल तर त्यालाही कारण आहे. तो मेंदूचा जो पट्टा मी सांगितला त्यात हाताला आणि चेहऱ्याला प्रचंड मोठी जागा आहे आणि धड-पायांना कमी, वाइल्डर पेनफिल्ड नावाच्या सर्जनने जागं ठेवलेल्या पेशंट्सच्या मेंदूला अगदी हलका करंट देऊन याचा नकाशा काढला आणि १९३७ मध्ये छापला. हाताची आणि चेहऱ्याची जागा बाहेरच्या बाजूला आहे आणि पायाची आतल्या फटीत, दोन्हीकडे रक्त नेणाऱ्या मुख्य रक्तवाहिन्या वेगळ्या, आणि ब्लॉक जास्त वेळा बाहेरच्या बाजूच्या वाहिनीत होतो. शिवाय पाऊल टाकण्याचं पुष्कळसं काम खालच्या खालीही जुळवता येतं, बटण लावण्याचं नाही, बटण लावायला मेंदूचा बोटांशी सरळ संबंध लागतो. डाव्या बाजूच्या स्ट्रोकमध्ये बोलणंही अडखळतं कारण बहुतेकांची भाषा डावीकडे असते. दादाला यातलं काहीच होणार नाही, त्याचा मेंदू, चेहरा, हात, बोलणं सगळं इजेच्या वर आहे. मी हे मुद्दाम सांगतेय कारण बऱ्याच घरांत "पॅरालिसिस" हा एकच शब्द सगळ्याला वापरतात आणि मग आजोबांना जे औषध, जो व्यायाम, जेवढा वेळ लागला तेच माप दादाला लावलं जातं.

आता रात्रीचे झटके. हे तुला नीट सांगायलाच हवं कारण यावरून घराघरात भांडणं होतात. मज्जारज्जूला इजा झाली की सुरुवातीचे काही दिवस ते काही आठवडे इजेच्या खालचं सगळं लुळं पडतं, ठोकून बघितलं तरी गुडघा उडत नाही, याला स्पायनल शॉक म्हणतात. मग खालचा भाग हळूहळू जागा होतो, पण मेंदूच्या लगामाशिवाय जागा होतो. पायाला काही टोचलं की पाय मागे ओढायचा हा निर्णय मुळात मज्जारज्जूच घेते, मेंदूला विचारत नाही, आपल्या सगळ्यांचं तसंच आहे, फक्त एरवी मेंदू वरून "हळू, एवढं नको" असं सतत सांगत असतो. तो आवाज डाव्या पायापर्यंत पोचत नाही म्हणून चादर घासली, कूस बदलली, लघवीची पिशवी भरली एवढ्यानेही पाय उडतो, ताठ होतो, टाच थरथरत राहते. दादा तो हलवत नाहीये. पाय स्वतः उडतोय.

मग खरी हालचाल कशी ओळखायची? एकच कसोटी ठेव. सांगितल्यावर होते का, आणि सांगितल्यावर परत तशीच होते का. "अंगठा वर कर" म्हटलं आणि झाला, "सोड" म्हटलं आणि सोडला, दहा मिनिटांनी परत सांगितलं आणि परत झाला, तर ती त्याची हालचाल, मग ती तांदळाएवढी का असेना, लगेच फिजिओला सांग. तळपायाला गुदगुल्या केल्यावर पाय आखडला तर ती नाही. डॉक्टर तळपायाच्या कडेने टोक ओढतात आणि अंगठा वर जातो का बघतात ना, ती बाबिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी १८९६ मध्ये सांगितलेली खूण आहे, मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळायला हवा, वर गेला तर वरून येणारा मार्ग दुखावलाय. मी एका आईला पाहिलंय, ती रोज मुलाचा तळवा खाजवून "बघा बघा हलवतोय" म्हणून सगळ्यांना दाखवायची, आणि त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. त्याला माहीत होतं की आपण काही करत नाही आहोत, आणि आईला सांगवत नव्हतं.

झटके म्हणजे सगळं वाईटच असंही नाही, त्या ताठपणाचा आधार घेऊन काही जण उभे राहतात, स्नायू फार सुकत नाहीत. पण झटके अचानक वाढले तर मात्र शोध घ्यायचा, कारण खाली काही तरी बिघडलंय आणि ते सांगायला पायाकडे दुसरी भाषा नाही. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, कातडीवर कुठे जखम, नख आत वाढलंय, बूट घट्ट झालाय. आत्ता गेल्या पाच दिवसांत वाढले असतील तर त्या भाजलेल्या पोटरीचंही कारण असू शकतं, बधिर बाजूची जखमही झटके वाढवते, डॉक्टरांना हे पण सांग. आणि लघवी गढूळ, वास येणारी, ताप, थंडी असं काही दिसलं तर थांबू नका, त्याला जळजळ होईलच असं नाही.

एक पोटरी, बहुतेक हलत नाही त्या पायाची, अचानक सुजली, गरम लागली, दुसरीपेक्षा जाड दिसली तर चोळायची अजिबात नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. रक्ताची गाठ असू शकते, आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं.

आता त्या तपासणीचं. मला वाईट वाटलं वाचून, दोन दिवस बोलला नाही म्हणजे कुणी त्याला आधी नीट सांगितलंच नसणार, पडदा ओढला होता की नाही कोण जाणे. पण तपासणी गरजेची होती आणि ती त्याच्या बाजूची होती. मज्जारज्जूचे सगळ्यात खालचे निरोप त्या जागेतून येतात. तिथे टोचलेलं, दाबलेलं कळलं किंवा तो भाग स्वतःहून आवळता आला तर त्याचा अर्थ असा की अगदी तळापासून मेंदूपर्यंत काही तरी वाट उघडी आहे, आणि मग इजा "इनकम्प्लीट" म्हणजे अपूर्ण समजतात. डॉक्टर जो ए, बी, सी, डी, ई असा ग्रेड लिहितात तो त्याशिवाय देताच येत नाही. ए म्हणजे तिथे काहीच नाही, ई म्हणजे सगळं नॉर्मल. दादाचा एक पाय हलतोय, दुसऱ्याला चटका कळतोय, म्हणजे त्याचा ग्रेड ए नसणार हे मी न बघताही सांगेन. हे तू त्याला सांग. आणि पुढच्या वेळी परत तपासायचं असेल तर कशासाठी ते आधी सांगा, खोलीत गर्दी नको, असं म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे.

काकांना काय सांगायचं? मन खंबीर असलं तर फायदा होतो तो व्यायाम टिकवायला, तासन्‌तास तीच ती हालचाल करायला, पण तुटलेल्या वाटेवरून निरोप मनाच्या जोरावर पुढे जात नाही. "तू प्रयत्न करत नाहीस" हे वाक्य या माणसांना जेवढं खचवतं तेवढं व्हीलचेअरही खचवत नाही. स्टेम सेलबद्दल सरळ बोलते, मज्जारज्जूच्या इजेत चालायला लावेल असा खात्रीचा, सिद्ध झालेला स्टेम सेल उपचार आज नाही. संशोधन चालू आहे, आणि खऱ्या संशोधनात भाग घ्यायला पेशंटकडून लाखांनी पैसे घेत नाहीत. तो पैसा फिजिओला, चांगल्या गादीला, बाथरूम बदलायला ठेवा.

उमेद ठेवायला खरं कारण आहे. अपूर्ण इजांमध्ये, त्यातही एका बाजूच्या अशा इजेमध्ये, चालण्याचा निकाल बाकीच्यांपेक्षा चांगला असतो, बहुतेक जण काही ना काही आधाराने परत चालतात. सगळ्यात जास्त सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत दिसते, नंतरही वर्ष-दोन वर्षं थोडी थोडी होत राहते. आत्ता सातच आठवडे झालेत. हाताच्या किंवा पायाच्या साध्या नसा कापल्या तर दिवसाला साधारण एक मिलिमीटरने वाढत परत येतात, मज्जारज्जूचे तंतू तसे वाढत नाहीत, पण सूज उतरल्यावर दबलेले जागे होतात आणि शाबूत राहिलेले जास्तीचं काम उचलतात, त्यासाठी रोजचा सराव लागतो. तारीख मात्र कुणाकडून मागू नका, मीही देणार नाही. ताकद परत आली तरी उजव्या पायाचं गरम-थंड अर्धवटच राहील असंही होऊ शकतं, कित्येकांचं तसं राहतं.

म्हणून माझं सगळ्यात मोठं सांगणं उजव्या पायाबद्दल आहे. घरात सगळ्यांचं लक्ष डाव्या पायाकडे आहे, आणि तो पाय चटका बसला तर ओरडून सांगतो. उजवा पाय सांगणार नाही. आंघोळीचं पाणी आधी दादाने स्वतःच्या हाताने बघायचं, त्याचे हात उत्तम आहेत. लॅपटॉप मांडीवर नाही, गरम कप मांड्यांच्या मध्ये धरायचा नाही, उन्हात तापलेल्या सीटवर तसंच बसायचं नाही, बूट घालायच्या आधी आत हात फिरवून खडा बघायचा. पलंगावर दर दोन तासांनी कूस, व्हीलचेअरवर बसला की दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर जोर देऊन ढुंगण उचलायचं किंवा पुढे-बाजूला झुकायचं. दर दोन तासांनी कूस हे काही कुणी उगाच काढलेलं नाही. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टोक मँडविल हॉस्पिटलमध्ये लुडविग गुटमन या डॉक्टरांनी हे रात्रंदिवस करून घ्यायला सुरुवात केली, तोपर्यंत अशा जखमींपैकी बहुतेक जण पायांमुळे नाही तर पाठीवरच्या जखमा आणि लघवीच्या इन्फेक्शनने जायचे. त्याच माणसाने १९४८ मध्ये व्हीलचेअरवरच्या पेशंट्सची तिरंदाजी स्पर्धा घेतली, त्यातून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं.

कधी दादा म्हणेल की ज्या भागाला काही कळत नाही तिथेच आग होते, सुया टोचतात. तेव्हाही त्याला खोटा ठरवू नका. निरोप येणं थांबलं की वरचा भाग कधीकधी स्वतःच आवाज करायला लागतो, ते दुखणं खरं असतं, साध्या पेनकिलरने फारसं हटत नाही, त्याला वेगळी औषधं आहेत, ती डॉक्टरांकडूनच.

हे वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागातल्या इजेचा पेशंट असेल तर त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. दादाची इजा खाली आहे, त्याला हा धोका नाही. पण छातीच्या सहाव्या पातळीला किंवा तिच्या वर इजा असेल आणि अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल, घाम, अंगावर काटा, तर बीपी एकदम चढलेलं असू शकतं. लगेच बसतं करा, पाय खाली सोडा, कपडे-पट्टे सैल करा, कॅथेटरची म्हणजे लघवीची नळी पिळली गेलीय का बघा, आणि लगेच उतरत नसेल तर तातडीने हॉस्पिटल. बहुतेक वेळा कारण तुंबलेली लघवी किंवा संडास असतं.

आज रात्री एक कर, एक छोटा हात-आरसा दादाला दे आणि उजवी टाच, घोटा, पोटरी, बसायच्या जागेची हाडं, हे झोपण्याआधी त्यालाच बघू दे, तू नुसती बॅटरी धर. दाबल्यावर पांढरा न होणारा लाल डाग दिसला तर तो जाईपर्यंत त्या जागेवर भार नाही. आणि अंगठ्याची ती डोळे मिटून करायची तपासणी आईच्या हाताने कर, तिला स्वतःला अंगठा धरू दे, वर-खाली करू दे आणि दादा काय सांगतो ते ऐकू दे.